समाजकार्याची विद्यार्थिनी : जेन अ‍ॅडम्स

समाजकार्य या विषयातील पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन ठिकाणी शिकावे लागते. एक ठिकाण म्हणजे वर्ग. तेथे तो समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा यांसारखे विषय अभ्यासतो. दुसरे ठिकाण म्हणजे झोपडपट्टी, खेडे, रुग्णालय किंवा बालगृह. तेथे तो अनुभवी कार्यकर्त्याच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष काम करतो आणि केलेल्या कामाची नोंद लिहून ठेवतो. या दुसऱ्या भागाला क्षेत्रकार्य म्हणतात. मुक्त विद्यापीठातून ही पदवी घेणाऱ्यांनाही क्षेत्रकार्य चुकत नाही.

हा अभ्यासक्रम पाहून दोन प्रश्न मनात येतात. गरजू माणसाला मदत करायची तर मन चांगले असले म्हणजे पुरे, त्यासाठी पदवी कशाला? आणि पदवीच घ्यायची, तर ग्रंथ बाजूला ठेवून वस्त्यावस्त्यांतून कशासाठी हिंडायचे? अमेरिकेतील जेन अ‍ॅडम्स या स्त्रीला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या आयुष्यातून मिळाली. त्यांच्याजवळ समाजकार्याची पदवी नव्हती. त्या शिकत होत्या तेव्हा अशी पदवीच अस्तित्वात नव्हती. पुढे ज्यांच्या कामातून हे शिक्षण आकाराला आले, त्यांच्यात मात्र जेन अ‍ॅडम्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. वडील जॉन अ‍ॅडम्स यांची पिठाची गिरणी होती. ते राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते आणि अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. घरात कशाची वाण नव्हती. पण जेन अवघी दोन वर्षांची असताना तिची आई वारली. पुढे पाठीच्या कण्याला क्षयाची बाधा झाली आणि तिच्या पाठीत कायमचे वाकडेपण राहिले. मान एका बाजूला कललेली, चालताना पावले आत वळणारी, अशी ही मुलगी स्वतःला कुरूप समजत असे. आपल्या रुबाबदार वडिलांची मुलगी अशी आहे हे परक्या लोकांना कळू नये, म्हणून रविवारी चर्चमधून परतताना ती त्यांच्याऐवजी काकांबरोबर चालत असे. एकदा शेजारच्या शहरातील भर रस्त्यात वडिलांनी तिला पाहिले आणि आपली उंच टोपी उचलून, एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीला करावा तसा तिला वाकून नमस्कार केला. त्या एका कृतीने जेनच्या मनातील सल गेला. माणसाला मान दिला म्हणजे त्याच्या मनात काय घडते, हे तिला लहानपणीच उमगले.

त्याच सुमारास वडिलांबरोबर गिरणीच्या कामाला गेली असता तिने गरिबांची वस्ती प्रथमच पाहिली. एवढी लहान आणि कळकट घरे एकमेकांना खेटून का बांधतात, असे तिने वडिलांना विचारले. आपण मोठेपणी मोठे घर बांधू, मात्र ते अशाच लहान घरांच्या मधोमध असेल, असेही तिने तेव्हा सांगून टाकले. लहान मुलीचे ते बोलणे पुढे अक्षरशः खरे ठरायचे होते.

त्या काळी अमेरिकेतही मुलींना उच्च शिक्षणाची दारे नुकतीच किलकिली होत होती. पूर्वेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्त्रियांना पदवी देणारे स्मिथ महाविद्यालय १८७५ मध्ये सुरू झाले होते आणि तेथे जाण्याची जेनची तीव्र इच्छा होती. वडिलांनी मात्र घराजवळच्या रॉकफर्ड येथील महिला विद्यालयाचा आग्रह धरला. १८७७ मध्ये ती तेथे दाखल झाली. या विद्यालयात शिक्षण कसून होत असे, पण शेवटी हाती पडे ते केवळ प्रमाणपत्र. पुरुषांच्या महाविद्यालयात जी पदवी मिळते तीच आपल्यालाही मिळाली पाहिजे, या जिद्दीने जेनने लॅटिन, ग्रीक आणि इतिहासाच्या जोडीला उच्च गणिताचाही अभ्यास केला. विद्यालयाच्या मासिकाचे तिने संपादन केले. १८८१ मध्ये वर्गात पहिली येऊन तिने अभ्यासक्रम पुरा केला. पुढच्याच वर्षी त्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १८८२ मध्ये जेन अ‍ॅडम्स कलाशाखेची पदवीधर झाली. त्या संस्थेची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये तिची गणना होते.

ज्या पदवीसाठी एवढी धडपड केली, ती हाती आली तेव्हा तिचे काय करायचे हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. वैद्यक शिकून गरिबांची सेवा करावी, असे जेनच्या मनात होते. १८८१ च्या ऑगस्टमध्ये वडिलांचे आकस्मिक निधन झाले. त्या दुःखातच तिने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मराठी वाचकांना हे महाविद्यालय अपरिचित नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी तेथेच दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. जेनला मात्र तो अभ्यास पुरा करता आला नाही. काही महिन्यांतच पाठीचे दुखणे बळावले. शस्त्रक्रिया होऊन तिला महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावे लागले आणि वैद्यकाचा मार्ग कायमचा बंद झाला.

यानंतरची सात-आठ वर्षे जेनच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षे होत. वडिलोपार्जित संपत्ती होती, शिक्षण होते, वाचन अफाट होते. पण करण्यासारखे काही काम नव्हते. चांगल्या घरच्या मुलीने शिकावे, प्रवास करावा, चित्रे पाहावीत, संगीत ऐकावे आणि वेळ येताच संसाराला लागावे, एवढीच तिच्या भोवतालच्या लोकांची अपेक्षा होती. आपण नुसती तयारीच करत आहोत आणि जगणे मात्र पुढे पुढे ढकलत आहोत, ही जाणीव तिला छळत होती.

अशाच मनःस्थितीत ती १८८३ मध्ये युरोपच्या प्रवासाला गेली. लंडनमध्ये एका शनिवारी रात्री काही प्रवाशांना शहराचा दरिद्री पूर्व भाग दाखवण्यात आला. रविवारी बाजार बंद असल्यामुळे न खपलेली, सडू लागलेली भाजी तेथे मध्यरात्री लिलावाने विकली जात होती. गाडीच्या टपावरून जेनने खाली पाहिले. अंधुक दिव्यांच्या उजेडात, एखादा कोबी पदरात पडावा म्हणून असंख्य हात वर उठले होते. एका माणसाने मिळालेला कोबी तेथेच, न धुता, न शिजवता अधाशासारखा खायला सुरुवात केली. ते वर उठलेले रिकामे हात जेनला जन्मभर विसरता आले नाहीत. याहूनही तिला लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. ते दृश्य डोळ्यांसमोर असताना तिच्या मनात आला तो एका इंग्रजी लेखकाच्या ग्रंथातील प्रसंग! जिवंत माणसांचे दुःख समोर असताना आपले मन पुस्तकाकडे धाव घेते, मग या शिक्षणाने आपल्याला शहाणे केले की पांगळे, असा प्रश्न तिला पडला.

उत्तर मिळायला आणखी पाच वर्षे जावी लागली. १८८८ मध्ये ती पुन्हा युरोपात होती, तेव्हा रॉकफर्डची जुनी मैत्रीण एलन गेट्स स्टार बरोबर होती. माद्रिद येथे त्यांनी बैलझुंज पाहिली. सोबतच्या मंडळींना ते रक्तपाताचे दृश्य पाहवेना आणि ती निघून गेली. जेन मात्र त्या खेळाच्या जुन्या इतिहासाचे चिंतन करत शेवटपर्यंत बसून राहिली. संध्याकाळी तिला स्वतःचीच विलक्षण लाज वाटली. एवढी वर्षे मनात घोळत असलेला बेत दुसऱ्याच दिवशी तिने धीर करून मैत्रिणीला सांगितला. गरीब वस्तीत एक घर घ्यायचे आणि तेथे शेजारी म्हणून राहायचे, असा तो बेत होता. एलनने तो उचलून धरला. त्यानंतर जेनने लंडनच्या पूर्व भागातील टॉयनबी हॉल ही संस्था पाहिली. विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण तेथे गरिबांच्या वस्तीत राहत, शिकवत आणि त्यांच्या अडचणी समजून घेत. आपल्या मनातले स्वप्न कोणीतरी प्रत्यक्षात आणले आहे, हे पाहून तिचा निश्चय पक्का झाला.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन अ‍ॅडम्स आणि एलन स्टार शिकागो शहरातील हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या, ऐसपैस घरात राहायला गेल्या. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने १८५६ मध्ये ते बांधले होते, म्हणून संस्थेचेही नाव हल हाऊस असे पडले. शिकागोची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांवर गेली होती. कारखाने झपाट्याने वाढत होते आणि त्यांत राबण्यासाठी युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. हल हाऊसच्या आसपास इटालियन, जर्मन, ज्यू, पोलिश, बोहेमियन, ग्रीक, आयरिश अशी नाना देशांची माणसे दाटीवाटीने राहत होती. लाकडी चाळी, उघडी गटारे आणि रस्त्यात कचऱ्याचे ढीग, अशी तेथील स्थिती होती.

या दोन सुशिक्षित स्त्रियांनी आरंभ केला तो त्यांना येत होते त्या गोष्टींपासून. भिंतींवर युरोपातून आणलेली चित्रे लावली आणि शेजारणींना बोलावून एका कादंबरीचे वाचन सुरू केले. शेजारणी आल्या आणि आनंदाने ऐकूही लागल्या. पण त्यांच्या गरजा वेगळ्याच होत्या, हे लवकरच दिसून आले. कोणाच्या बाळाला न्हाऊ घालायचे असे, कोणाच्या मृताला शेवटची आंघोळ घालायची असे, कोणाला सरकारी कागद वाचून हवा असे. आया कारखान्यात जात आणि मुलांना घरात कोंडून ठेवत. सुरुवातीलाच वस्तीतील तीन अपंग मुले त्यांच्या पाहण्यात आली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते, दुसरे भाजले होते आणि तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला होता. आई कामावर गेली की त्या मुलाला दिवसभर स्वयंपाकघरातल्या मेजाच्या पायाला बांधून ठेवत आणि असे तीन वर्षे चालले होते. वाकड्या पाठीचे दुःख जेन अ‍ॅडम्स यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हल हाऊसमध्ये बालवाडी आणि पाळणाघर सुरू झाले. मग सार्वजनिक स्नानगृहे, व्यायामशाळा, मुलांचे क्रीडांगण, कामकरी मुलींसाठी सहकारी वसतिगृह आणि प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग सुरू झाले. दुसऱ्या वर्षीच आठवड्याला सुमारे दोन हजार माणसे तेथे येऊ लागली. पुढे त्या एका घराच्या तेरा इमारती झाल्या.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. कामकरी बायकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही आणि मुलांना सकस अन्न मिळत नाही, म्हणून हल हाऊसने शास्त्रशुद्ध पद्धतीचे सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. पदार्थ पौष्टिक होते आणि स्वस्तही होते, तरी वस्तीतील लोक तिकडे फारसे फिरकले नाहीत. प्रत्येकाला आपापल्या देशाची, आपापल्या घरची चव हवी होती. आहारशास्त्राचे नियम पाळून केलेला बेत माणसांना न विचारता केला होता. जेन अ‍ॅडम्स यांनी ही चूक मोकळेपणाने मान्य केली आणि तेथे कॉफीगृह चालू केले. ते मात्र वस्तीला आवडले.

ही चूक सुधारता येण्यासारखी होती. दुसरी एक चूक तशी नव्हती. १८९३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत आर्थिक मंदी आली, कारखाने बंद पडले आणि हल हाऊसच्या दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागली. देणगीचे पैसे थोडे आणि मागणारे पुष्कळ. जो धडधाकट माणूस मिळेल ते काम नाकारतो त्याला मदत देऊ नये, असा धर्मादाय संस्थांचा त्या काळी नियम असे. मालाची नोंद ठेवणारा एक कारकून नोकरी गेल्यामुळे मदत मागायला आला. शहराच्या कालव्याच्या खोदाईवर काम मिळते, ते आधी करून पाहावे, असे जेन अ‍ॅडम्स यांनी त्याला सुचवले. आपण जन्मभर खोलीत बसून काम केले आहे, हिवाळ्यात उघड्यावरचे काम आपल्याला झेपणार नाही, असे त्याने सांगून पाहिले. पण नियमावर बोट ठेवून त्यांनी आपला सल्ला कायम ठेवला. तो बिचारा कालव्यावर गेला. दोन दिवस त्याने काम केले, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो मरण पावला. मागे दोन लहान मुले राहिली.

या मृत्यूचा दोष जेन अ‍ॅडम्स यांनी ना हवेला दिला, ना मंदीला. त्या मुलांची त्यांनी पुढे कित्येक वर्षे विचारपूस केली आणि दर भेटीत तो प्रसंग त्यांच्यासमोर उभा राहिला. माणसाचे आयुष्य ठरीव नियमांनी चालवता येत नाही आणि एखाद्याची अडचण जाणून घ्यायची तर त्याचे आयुष्य, त्याच्या सवयी, त्याची ताकद यांची समग्र माहिती हवी, हा धडा त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने दिला नव्हता. तो एका गरीब कारकुनाच्या प्राणांच्या मोलाने मिळाला होता. हे सारे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले. समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सहृदयता हवीच, पण ती एकटी पुरत नाही, हे त्यांना दुसऱ्याही बाजूने कळत गेले. पहिल्या नाताळात हल हाऊसने वस्तीतील लहान मुलींना मिठाई वाटली, तेव्हा काही मुलींनी ती घेतली नाही. चौकशी केल्यावर समजले की, त्या मिठाईच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या आणि मिठाई त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. नातेवाइकाप्रमाणे प्रेमाने दिलेल्या भेटीने या मुलींचे काय भले होणार होते? त्यांना हवा होता कायदा, आणि कायदा करून घ्यायचा तर पुरावा हवा होता. फ्लॉरेन्स केली या अभ्यासू विदुषी १८९१ च्या अखेरीस हल हाऊसमध्ये राहायला आल्या आणि कामाला नवी दिशा मिळाली. घरोघर जाऊन पाहणी झाली, मुलांच्या आणि स्त्रियांच्या मजुरीच्या नोंदी झाल्या. १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने कारखान्यांचा कायदा केला. त्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी केली आणि स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला. आठ तासांचे कलम १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द केले, तरी बालमजुरीविरुद्धचे पहिले पाऊल पडले होते. त्याच वर्षी हल हाऊसच्या रहिवाशांनी आपल्या पाहणीचा ग्रंथ नकाशांसह प्रसिद्ध केला. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात आणि त्यांची आठवड्याची मिळकत किती, हे त्या नकाशांत निरनिराळ्या रंगांनी दाखवले होते. अठरा देशांतून आलेली माणसे त्या लहानशा भागात नांदत होती.

कचऱ्याच्या बाबतीतही असेच झाले. वस्तीतील बालमृत्यूंचे प्रमाण शहरात फार मोठे होते आणि रस्त्यावरच्या सडलेल्या कचऱ्याशी त्याचा संबंध स्पष्ट दिसत होता. हल हाऊसने तक्रारींवर तक्रारी केल्या. अखेर १८९५ मध्ये जेन अ‍ॅडम्स यांची त्या प्रभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. वेतन वर्षाला एक हजार डॉलर होते. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागून फिरत आणि गाडी कचराभूमीपर्यंत पोचते की नाही हे स्वतः पाहत. एका अरुंद रस्त्यावरून जवळजवळ दीड फूट कचरा खरवडून काढल्यावर खाली फरसबंदी निघाली! या रस्त्याला फरशी आहे, हे तेथील रहिवाशांनाही ठाऊक नव्हते.

मदत करणारा आणि मदत घेणारा असा भेद जेन अ‍ॅडम्स यांना मान्य नव्हता. रात्रीच्या वर्गांना दिवसभर राबून आलेले स्त्री-पुरुष येत. त्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येत नसे, पण ती माणसे अडाणी नव्हती. इटलीतून आलेल्या म्हाताऱ्या बायका चातीवर सुंदर सूत कातत. अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या मुलींना मात्र आपल्या आयांची लाज वाटे. १९०० मध्ये हल हाऊसने श्रमसंग्रहालय सुरू केले. तेथे या बायका सूतकताई आणि विणकाम करून दाखवत आणि येणारे लोक त्यांच्याकडून शिकत. एक मुलगी आपल्या आईबरोबर दारातून आत येणेही टाळत असे. आईच्या हातातील कसबाचे कौतुक तिने लोकांच्या तोंडून ऐकले आणि त्यानंतर ती आईच्या सोबतीने त्याच दारातून येऊ लागली. भर रस्त्यात वडिलांनी केलेल्या नमस्काराने जेनला जे मिळाले होते, तेच या आईला मिळाले.

परोपकारी माणसांना शिस्तशीर शिक्षणाची गरज आहे, हा विचार आता सर्वत्र मूळ धरू लागला होता. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. शिकागोत ग्रॅहॅम टेलर यांनी १९०३ मध्ये असेच वर्ग सुरू केले आणि १९०८ मध्ये त्यांतून समाजकार्याचे प्रशिक्षण देणारी स्वतंत्र संस्था निघाली. जेन अ‍ॅडम्स यांनी तिला पाठबळ दिले, तेथे व्याख्याने दिली. ज्युलिया लॅथ्रॉप, सोफोनिस्बा ब्रेकिनरिज आणि एडिथ अ‍ॅबट या तेथील अध्यापिका हल हाऊसच्याच परिवारातील होत्या. वर्गातले शिक्षण आणि वस्तीतले शिक्षण या दोहोंची सांगड त्यांनी घातली. १९२० मध्ये ही संस्था शिकागो विद्यापीठात विलीन झाली आणि समाजकार्याच्या शिक्षणाला विद्यापीठात मानाचे स्थान मिळाले.

जेन अ‍ॅडम्स यांची कीर्ती आता देशभर पसरली होती. धर्मादाय कार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९१० मध्ये येल विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्या विद्यापीठाने एखाद्या स्त्रीला असा मान देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. परंतु पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा त्यांनी लोकप्रियतेची पर्वा केली नाही. १९१५ मध्ये हेग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी शांततेचा पक्ष सोडला नाही. काल त्यांची स्तुती करणारी वृत्तपत्रे त्यांना देशद्रोही म्हणू लागली. त्यांनी ते शांतपणे सोसले आणि युद्धानंतर शत्रू देशांतील उपाशी मुलांसाठी अन्न पाठवण्याच्या कामाला स्वतःला जुंपून घेतले. १९२३ च्या जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी महिलांच्या आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेला देऊन टाकली.

२१ मे १९३५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. पार्थिव हल हाऊसमध्ये ठेवले होते. त्या दर्शनाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी आली, आणि वस्तीतील हजारो कामकरी माणसेही आली. नंतर सीडरव्हिलच्या मातीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

पुढच्याच वर्षी मुंबईत एक घटना घडली. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते १९२५ मध्ये मुंबईला आले होते आणि पुढे नागपाड्याच्या कामगार वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था काढली होती. या घराच्या नावात शेजार होता आणि हल हाऊसप्रमाणे कामातही. १९३६ मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले आणि मॅन्शार्ड त्याचे पहिले संचालक झाले. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा आरंभ तेथून धरला जातो. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते.

शिकागोतील हल हाऊस चालवणारी संस्था २०१२ मध्ये बंद झाली. मूळच्या घरात आता संग्रहालय आहे. पण जेन अ‍ॅडम्स यांनी घेतलेले धडे तेवढ्या भिंतींत राहिलेले नाहीत. समाजकार्याच्या पदवीचा विद्यार्थी वही घेऊन एखाद्या वस्तीत शिरतो, तेथल्या घराच्या उंबऱ्याशी बसतो आणि सल्ला देण्याआधी समोरच्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्या कारकुनाचे म्हणणे असेच कोणी ऐकून घेतले असते, तर त्याची दोन मुले पोरकी झाली नसती. क्षेत्रकार्याशिवाय ही पदवी का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर जेन अ‍ॅडम्स यांच्या आयुष्यातील त्या हिवाळ्यात सापडते.